बुद्ध्यांकाआधीचा बिने

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगडच्या किनारपट्टीवरील गावांतून एखादे मूल दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात येते. कधी मांडव्याहून लाँचने मुंबई गाठून तिथल्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. मूल उशिरा बोलू लागले, शाळेत त्याला काही उमगत नाही, बरोबरीची मुले पुढे गेली, अशी काळजी घेऊन आई-वडील बाहेरच्या बाकावर बसून राहतात. आत टेबलावर काही चित्रे, कागद आणि छोट्या वस्तू मांडलेल्या असतात आणि समोरची व्यक्ती एकेक प्रश्न विचारत जाते. शेवटी कागदावर एक आकडा उतरतो. त्या आकड्यावर सवलत ठरते, शाळा ठरते आणि पुष्कळदा घरातले त्या मुलाचे स्थानही ठरते.

महाराष्ट्रात अशा तपासणीसाठी पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या चाचण्यांपैकी एकीचे नाव बिने-कामत चाचणी असे आहे. त्या जोडनावातील पहिले नाव फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचे. मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांचा उल्लेख बुद्धिमापनाचे जनक असा होतो. प्रत्यक्षात बुद्ध्यांक ही कल्पना त्यांची नव्हती. ती मांडली गेली त्यांच्या निधनानंतर. बुद्धी एका आकड्यात बसते, हे त्यांना कधी पटलेही नाही. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की याचे कारण कळते. एका मोठ्या आणि जाहीर चुकीतून ते घडले होते.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस येथे झाला. भूमध्य समुद्राच्या काठचे हे शहर तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते, सार्डिनियाच्या राज्यात होते. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचे पटले नाही आणि मुलगा आईजवळ वाढला. वडिलांनी त्याची भीती मोडावी म्हणून लहानपणी त्याला प्रेत दाखवले आणि तो धसका जन्मभर राहिला, असे सांगितले जाते. पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. वकिली मात्र केली नाही. वैद्यकीय शिक्षणाकडे वळले, तेही अर्धवट सुटले. घरची स्थिती चांगली असल्याने पोटाची चिंता नव्हती. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते जे हाती लागेल ते वाचत आणि त्या वाचनातच त्यांना मानसशास्त्र सापडले. या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांनी कुणाकडेही घेतले नाही.

अशा स्वयंशिक्षित तरुणाला १८८३ च्या सुमारास साल्पेत्रिएर रुग्णालयाचे दार उघडले. तिथे झाँ-मार्तां शार्को यांचे राज्य होते. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचा त्या काळचा हा सर्वांत मोठा अधिकारी पुरुष. संमोहन हा उन्मादाच्या रुग्णांतच दिसणारा शारीरिक प्रकार आहे, असे शार्को मानत. बिने यांनी शार्ल फेरे या सहकाऱ्यासह संमोहित रुग्णांवर प्रयोग केले. रुग्णाच्या एका बाजूला असलेला लुळेपणा लोहचुंबक जवळ नेला की दुसऱ्या बाजूला सरकतो, एवढेच नव्हे, तर एक भावनाही चुंबकाने विरुद्ध भावनेत पालटते, असे त्यांनी छापून जाहीर केले.

बेल्जियमचे जोसेफ देलब्यूफ यांना ही गोष्ट खटकली. ते स्वतः साल्पेत्रिएरला आले. प्रयोग पाहताना त्यांना जे दिसले ते साधेच होते. चुंबक रुग्णाच्या डोळ्यांदेखत फिरवला जात होता, पुढे काय व्हायला हवे याची चर्चा तिच्यासमोरच चालत होती आणि तीच रुग्ण वारंवार वापरली जात होती. काय अपेक्षित आहे हे तिला ठाऊक होते आणि ती ते पुरवत होती. बिने यांनी सुरुवातीला चिवटपणे बाजू लढवली. परंतु पुरावा विरुद्ध जात गेला. १८९० च्या सुमारास ते साल्पेत्रिएरमधून बाहेर पडले आणि आपले निष्कर्ष चुकले होते, हे त्यांना जाहीरपणे मान्य करावे लागले.

तिशी नुकतीच ओलांडलेल्या संशोधकासाठी ही मानहानी मोठी होती. दुसरा कुणी पुन्हा वकिलीकडे वळला असता. बिने यांनी त्यातून धडा घेतला तो असा, की परीक्षकाच्या नजरेतून, स्वरातून आणि अपेक्षेतून उत्तर आपोआप पाझरते आणि समोरचा माणूस ते उचलतो. सूचनांना बळी पडणे या विषयावर त्यांनी पुढे कित्येक वर्षे मुलांवर प्रयोग केले, १९०० मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. पुढच्या काळात मुलांची तपासणी कशी करावी याचे जे काटेकोर नियम त्यांनी घालून दिले, त्यांचे मूळ साल्पेत्रिएरच्या त्या फजितीत आहे.

दरम्यान घरातच त्यांना नवी प्रयोगशाळा मिळाली होती. १८८४ मध्ये त्यांचा विवाह भ्रूणशास्त्रज्ञ बाल्ब्यानी यांची कन्या लॉर हिच्याशी झाला. मादलेन आणि आलिस या दोन मुली. दोघींच्या चालायला शिकण्याची नोंद बिने यांनी बारकाईने ठेवली. थोरली एखादी खुर्ची किंवा टेबल हेरून, तिथवर पोहोचता येईल याची खात्री करूनच पाऊल टाकी. धाकटी मात्र पुढे आधार आहे की नाही याची पर्वा न करता लडखडत खोलीभर फिरे. दोघी चालायला शिकल्याच. एकाच घरातील दोन मुली एकच गोष्ट इतक्या निराळ्या वाटेने शिकतात, हे बिने यांच्या मनावर ठसले. पुढे मुली मोठ्या झाल्यावर त्यांना शब्द सुचवायला लावणे, वस्तूचे वर्णन करायला लावणे असे प्रयोग त्यांनी केले. त्यावरचा १९०३ चा ग्रंथ मुलींची नावे बदलून छापला. मोठ्या जमावाची सरासरी काढण्यापेक्षा एका मुलाशी दीर्घकाळ बसण्यावर त्यांचा विश्वास होता. त्या काळच्या प्रयोगशाळांना हा हौशी उद्योग वाटे.

सोरबोन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत ते १८९१ मध्ये शिरले. प्रयोगशाळेचे प्रमुख आंरी बोनी रेल्वे स्थानकावर भेटले आणि बिने यांनी तिथल्या तिथे काम मागितले, अशी हकीकत आहे. वेतन नव्हते. १८९४ मध्ये ते संचालक झाले, त्याच वर्षी कीटकांच्या मज्जासंस्थेवरील प्रबंधाला डॉक्टरेट मिळाली. वार्षिक संशोधनपत्र सुरू केले. डोळे बांधून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू, क्षणात मोठमोठे गुणाकार करणारे इनोदी यांच्यासारखे गणितविलक्षण, नाटककार अशा नाना लोकांचा त्यांनी अभ्यास केला. भयनाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅरिसच्या रंगभूमीसाठी त्यांनी सहलेखक म्हणून नाटकेही लिहिली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. विद्यापीठात प्राध्यापकपद मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.

ज्या कामाने त्यांचे नाव जगभर गेले, ते आयुष्याच्या शेवटच्या सात वर्षांतले आहे. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. त्यामुळे पूर्वी शाळेचे तोंडही न पाहणारी मुले वर्गात येऊन बसली आणि त्यांतील काहींना इतरांबरोबर शिकणे जमेना. १९०४ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी या प्रश्नावर आयोग नेमला, त्यात बिने होते. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढावेत हे ठरले. मात्र कोणत्या मुलाला तिथे पाठवायचे, हे ठरवणार कोण आणि कशावरून?

बिने यांनी तत्कालीन वैद्यकीय दाखले गोळा करून पाहिले. एकाच मुलाला एका डॉक्टरने एक श्रेणी दिली होती, काही दिवसांनी दुसऱ्याने दुसरीच. श्रेणींच्या व्याख्या इतक्या सैल होत्या की प्रत्येकजण आपापल्या मनाने दाखला लिही. शिक्षकांवर सोडावे, तर त्यातही गोम होती. वर्गात दंगा करणारे मूल घालवण्याची ही आयती संधी ठरू शकत होती. आई-वडिलांपैकी काही लाजेपोटी दोष लपवत, काही मूल दिवसभर सांभाळले जाईल म्हणून तो वाढवून सांगत. चुकीच्या दाखल्याचा डाग मुलाच्या कपाळी जन्मभर राहील, ही बिने यांची चिंता होती. प्रमाणपत्रासाठी रांगेत उभ्या असलेल्या आजच्या कुटुंबांना यातले काहीच परके वाटणार नाही.

पेरे-व्होक्लूझ येथील मनोरुग्णालयातील तरुण डॉक्टर थिओडोर सिमाँ त्यांच्या मदतीला आले. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली मुले राहत. दोघांनी आधी डोक्याचा घेर मोजून पाहिला होता. त्या काळी डोके मोठे तर बुद्धी मोठी, असा समज शास्त्रीय म्हणून चाले. बिने यांना फरक फारच किरकोळ आढळले. शिवाय कोणते मूल हुशार हे आधी ठाऊक असले की आपलाच हात मोजताना कळत-नकळत घसरतो, हेही त्यांनी स्वतःवर तपासून पाहिले. मोजपट्टी बाजूला पडली. त्याऐवजी रोजच्या व्यवहारातले, शाळेत शिकवले न गेलेले प्रश्न त्यांनी निवडले.

१९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या श्रेणीत ३० प्रश्न होते, सोप्याकडून कठीणाकडे जाणारे. पेटत्या काडीकडे नजर फिरते का? खाऊ आणि लाकडाचा तुकडा यांतले मूल काय उचलते? चित्रातली वस्तू दाखवता येते का? दोन रेषांपैकी लांब कोणती? ऐकलेले अंक परत म्हणता येतात का? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? दिलेले तीन शब्द वापरून वाक्य करता येते का? पन्नासेक सर्वसाधारण मुलांवर आणि रुग्णालयातल्या मुलांवर हे प्रश्न वापरून पाहिले गेले. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. त्या वयाची बहुतेक मुले जे करू शकतात ते त्या वयाचे प्रश्न. सात वर्षांचे मूल पाच वर्षांच्या प्रश्नांपर्यंतच पोहोचले तर ते दोन वर्षे मागे आहे, असे म्हणता येऊ लागले. मानसिक वयाची कल्पना ती हीच.

तपासणी कशी करावी, यावर बिने-सिमाँ यांनी बरीच पाने खर्च केली आहेत आणि श्रेणीइतकेच हे लेखन महत्त्वाचे आहे. खोली शांत असावी. मूल आणि परीक्षक एवढेच आत असावेत, फार तर टिपणे घेणारा एखादा. भ्यालेल्या मुलाला आधी रुळू द्यावे, प्रेमाने बोलावे, उत्तर चुकले तरी चेहऱ्यावर दाखवू नये आणि बरोबर उत्तराची वाट दाखवणारा एक शब्दही तोंडून जाऊ नये. ज्याने हे शिकून घेतलेले नाही, त्याच्या हातात श्रेणी देऊ नये असा त्यांचा आग्रह होता. चाचणी म्हणजे तराजू नव्हे, तो वापरणाऱ्याला मुलांची नजर हवी, हे चुंबकाच्या प्रयोगाने पोळलेला माणूस सांगत होता.

निदान करून थांबणे त्यांना मान्य नव्हते. पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरील एका प्राथमिक शाळेत १९०५ पासून त्यांची प्रयोगशाळा चाले. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात त्यांनी खेळासारखे व्यायाम सुरू करवले. इशारा होताच पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहायचे, काठोकाठ भरलेले भांडे पाणी न सांडता न्यायचे, पुठ्ठ्यावरच्या वस्तू क्षणभर पाहून त्या आठवून सांगायच्या. पहिल्या दिवशी वर्गात हलकल्लोळ होई, हळूहळू स्तब्धतेची सेकंदे वाढत. लक्ष, चिकाटी, स्मरण यांना वळण लावता येते, असे बिने यांनी १९०९ च्या पुस्तकात लिहिले. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, या मताला त्यांनी निष्ठुर निराशावाद ठरवले. वाकलेले हाड सरळ करणाऱ्या शाखेच्या धर्तीवर या व्यायामांना त्यांनी नाव दिले होते. १९०९ मध्येच फ्रान्सने विशेष वर्गांचा कायदा केला.

१९११ मध्ये श्रेणीची तिसरी आवृत्ती निघाली. पॅरिसच्या खात्यापित्या घरांतील मुले आणि गरीब वस्तीतील मुले यांच्या गुणांत फरक पडतो, हे तोवर लक्षात आले होते. ब्रुसेल्समध्ये सुखवस्तू घरांतील मुलांवर श्रेणी वापरली गेली, तेव्हा ती वयाच्या मानाने बरीच पुढे निघाली होती. श्रेणी कोणत्या मुलांवर बेतली, हे विसरून तिचा निकाल वाचता येत नाही, याची ही पहिली जाणीव. ती पुढे नेण्यास बिने यांना वेळ मिळाला नाही. १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिने यांची श्रेणी वाढवली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यांक रूढ केला. श्रेणी अमेरिकेत नेली होती ती हेन्री गॉडर्ड यांनी. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेत ते काम करीत. बुद्धी आनुवंशिक आणि अटळ असते, हे त्यांचे ठाम मत होते. ज्या श्रेणीचा जन्म मुलाला मदत मिळावी म्हणून झाला, ती त्यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांवर लावली. बोट प्रवासाने थकलेली, भाषा न समजणारी माणसे मंदबुद्धी ठरली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिचे मानसिक वय हा त्या खटल्यातील एक पुरावा होता. श्रेणीच्या नावात बिने यांचे नाव होतेच. सिमाँ दीर्घायुषी ठरले. हे सारे त्यांना पाहावे लागले आणि बुद्ध्यांक हा मूळ हेतूचा विश्वासघात आहे, अशी त्यांची भावना होती.

मराठीत ही श्रेणी टर्मन यांच्या वाटेने आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची पुनर्रचना केली. १९३४ मध्ये ब्रिटिश शैक्षणिक नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा ग्रंथ काढला. परदेशी नाणी, परदेशी पोशाखातील माणसांची चित्रे, इंग्रजी यमके इथल्या मुलापुढे ठेवून काही कळणार नव्हते. कामत यांचे काम नुसत्या भाषांतराचे नव्हतेच. प्रश्न बदलायचा आणि तरी त्याची काठिण्यपातळी तीच ठेवायची, शिवाय ती इथल्या मुलांवर तपासून घ्यायची. नेमक्या याच काळात मुंबईत मुलांच्या मानसिक अडचणींसाठी पहिली पावले पडत होती. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये सुरू झाले, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली. नागपुरात मालिन यांनी आणखी दोन परदेशी मापनांचे भारतीय रूप केले. त्यातले एक, मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे बाहेर जाऊ शकते का हे विचारणारे, मूळचे त्याच व्हाइनलँडचे.

आज चाचणीचा संच विकत मिळतो. दुर्मीळ आहे तो ती चालवू शकणारा माणूस. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी नोंदणीचे बंधन आले आणि रुग्णालयात दोन वर्षे देखरेखीखाली काम करून मिळवायची एम.फिल. ही त्यासाठीची अनेक वर्षांची मुख्य वाट राहिली. अमेरिका-कॅनडात डॉक्टरेटनंतरही एखाद्या बालविकास केंद्रात वर्ष-दोन वर्षे केवळ स्वमग्न, बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर घालवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे तसा ठरावीक टप्पा रूढ नाही. जो तज्ज्ञ मोठ्यांच्या मनोविकारांवर शिकला, त्याच्याच समोर हे मूलही येऊन बसते. ऐकू कमी येणारे मूल, अपस्माराची औषधे घेणारे मूल, डोळ्याला डोळा न देणारे स्वमग्न मूल, ही सगळी एकाच प्रश्नाला गप्प राहतात. गप्प राहण्याची कारणे चार निघतात आणि चाचणीच्या कोष्टकात ती एकाच चौकटीत जातात. कारण वेगळे करायला पुस्तक पुरत नाही, अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शेकडो मुले पाहावी लागतात.

किनाऱ्यावर त्यात बोलीची भर पडते. उरणपासून मुरूडपर्यंतच्या आगरी-कोळी घरांतून प्रमाण मराठीतला ‘ड’ पुष्कळदा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. गाडीची गारी, होडीची होरी, पाण्याचे पानी. चित्रातल्या होडीकडे बोट दाखवून मूल होरी म्हणते, तेव्हा ते उच्चारात अडखळलेले नसते, आजीसारखे बोललेले असते. पुस्तकी मराठीत विचारलेला लांबलचक प्रश्न त्याच्या कानाला परका असतो, आणि फुलपाखरू-माशीतला फरक सांगताना घुटमळणारे तेच मूल बोंबील आणि मांदेली यांतला फरक न अडखळता सांगू शकते. कामत यांची प्रमाणके १९३० च्या दशकातली आहेत. जुनी झाल्याची टीका त्यांच्यावर होत आली आहे आणि ती रास्त आहे. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी तर वेगळी प्रमाणके कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या मुलांची रांग त्यामुळे वाढली. ही रांग आवरताना अनुभवी तपासनीस अजूनही एक जुनी पद्धत पाळतात. मुलाला आत नेण्यापूर्वी ते आईशी दहा मिनिटे बोलतात. घरात पंख्याला, होडीला, भाकरीला काय म्हणता, रात्री झोप किती झाली, सकाळपासून मुलाने काही खाल्ले का, हे विचारतात आणि ते शब्द टिपणवहीच्या कडेला लिहून घेतात. पहाटेची एसटी धरून उपाशीपोटी आलेल्या मुलाला आधी खायला पाठवतात आणि चाचणी दुपारी घेतात.